मुलांच्या पंगतीत जात कोण वाढतं?

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या मुलाच्या किंवा मुलीच्या शेजारी वर्गात कोण बसतं, हे तुम्हांला ठाऊक आहे का? बहुतेकजणी चटकन नाव सांगतील. आता दुसरा प्रश्न. मधल्या सुट्टीत तुमचं मूल कोणाच्या डब्यातली भाजी घेतं आणि कोणाच्या डब्यातली घेत नाही? इथे मात्र पुष्कळजणी थांबतील. डबा संपला का, पोळी उरली का, एवढंच आपण पाहतो. डबा कोणाबरोबर खाल्ला, हे विचारायचं राहूनच जातं.

मी वडनेर भोलजीला राहते. मुंबई-कोलकाता महामार्गावरचं हे गाव. एका बाजूला मलकापूर, दुसऱ्या बाजूला नांदुरा. घरचं सगळं आवरून मी अर्धवेळ शिकवते. आपल्या या भागातल्या कुठल्याही वर्गात जा, कुणबी, माळी, कोळी, बौद्ध, मातंग, मुसलमान, बंजारा अशी सगळ्या घरची मुलं एका छपराखाली दिसतात. एखाद्या वर्गात पारध्यांच्या बेड्यावरचं एखादं मूल असतं, एखादं सातपुड्याच्या पायथ्याहून कामाला आलेल्या आदिवासी घरचं. हजेरीपटावर सगळी एका ओळीत. पण सुट्टीची घंटा झाली की ही ओळ कशी मोडते आणि कोण कुठे जाऊन बसतं, ते एकदा लक्ष देऊन बघण्यासारखं आहे.

"आता कोण जात पाळतं, ताई?" असं मला नेहमी ऐकायला मिळतं. म्हणणारी अगदी मनापासून म्हणते. म्हणूनच हा विषय या पानावर काढावासा वाटला.

पाण्याची आणि डब्याची जुनी गोष्ट

शाळा आणि जात यांचं भांडण आपल्याकडे फार जुनं आहे. १८५५ साली 'ज्ञानोदय' नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. तो लिहिणारी मुक्ता साळवे अवघी चौदा वर्षांची होती, मातंग समाजातली, फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी. दुसऱ्याच वर्षी, १८५६ मध्ये, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने थेट सरकारकडे अर्ज केला. तरीही शाळेचं दार काही त्याच्यासाठी उघडलं नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं साताऱ्याचं शाळकरी आयुष्य त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. बसायला घरून गोणपाटाचा तुकडा न्यायचा, शाळा सुटली की तो परत घरी आणायचा. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला तर तहानेलंच राहायचं. न्हावी केस कापत नसे, म्हणून थोरली बहीणच भावांचे केस कापायची. विचार करा, शाळेत जाणाऱ्या एका मुलामागे घरातल्या बाईला काय काय करावं लागत होतं!

पुढे हे कुटुंब मुंबईला आलं. एल्फिन्स्टन हायस्कूलमधली एक हकिगत त्यांच्या चरित्रात येते. मुलं आपले डबे फळ्यामागे ठेवत. एकदा गुरुजींनी भीमरावांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं, तर वर्गात गलका झाला. डबे विटाळतील म्हणून मुलं धावली आणि आधी डबे बाजूला काढले. ही मुलं काही दुष्ट नव्हती. डबा कोणाच्या सावलीपासून जपायचा, हे घरी त्यांना आईने, आजीने शिकवलेलं होतं. ते शिक्षण डब्याबरोबर शाळेत आलं, एवढंच.

ही चाल मोडायचा प्रयत्न करणारी माणसंही आपल्याकडेच झाली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घ्यायला लावलं. आपल्या वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला सगळ्या जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत आणि एका पंगतीत जेवत.

त्या पंगतीत वाढणारा हात होता त्यांच्या पत्नीचा, लक्ष्मीबाईंचा. जुन्या वळणाच्या जैन घरातली ही बाई. सोवळंओवळं तिच्या अंगात मुरलेलं. पण वसतिगृहात आलेल्या प्रत्येक मुलाची ती आई झाली. धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने गेले, आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा. भाषणं पुष्कळांनी केली, पण पंगत बदलली ती स्वयंपाकघरातून. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

कायदा आला, सवय राहिली

घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपवली. १९५५ मध्ये तिच्यासाठी शिक्षा ठरवणारा कायदा झाला, १९८९ मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तर शाळेत मुलाला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं, दोन्हींना बंदी घातली. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांशी भेदभाव होऊ न देणं, हे सरकारचं कर्तव्य ठरवलं.

तेव्हा कोणी आज गोणपाट घरून आणायला सांगत नाही. मग भेद दिसतो तरी कुठे? अगदी लहान लहान गोष्टींत दिसतो. मी पाहिलेल्या, ऐकलेल्या काही सांगते.

शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे असतात. भर वर्गात हाक येते, "एससीची मुलं उभी राहा." सात-आठ मुलं उभी राहतात, चाळीस मुलं त्यांच्याकडे बघतात. त्या दिवसापर्यंत ज्यांना कोण काय हे माहीत नव्हतं, त्यांनाही ते कळतं. वर मागून कोणीतरी कुजबुजतं, "यांचं बरंय, सगळं फुकट."

वर्ग झाडायची पाळी सगळ्यांची असते, पण मुतारीत पाणी टाकायला नेहमी तीच दोन मुलं पाठवली जातात. "त्यांना सवय असते," असं उत्तर मिळतं.

गॅदरिंगमध्ये भारतमाता व्हायला गोरी मुलगी शोधतात, आणि सावळ्या पोरीला राक्षसीण किंवा झाडामागची गर्दी करतात. तिचा आवाज सगळ्यांत खणखणीत असला तरी!

नवा मुलगा आला की पहिला प्रश्न, "आडनाव काय रे?" आणि आडनावावरून समजलं नाही तर दुसरा, "राहतोस कोणत्या भागात?" वस्त्यांची नावंच जातीवरून पडलेली, पत्ता सांगितला की जात सांगून झाली. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये जातीवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला. आपल्या तोंडातून ती नावं जायला मात्र वेळ लागतो आहे.

आणि खिचडी! शाळेत शिजवलेलं जेवण द्यावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००१ चा. २००४ मध्ये न्यायालयाने असंही सांगितलं की, स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य द्यावं. हेतू अगदी उघड आहे. त्या हातचं जेवून मुलं मोठी झाली की विटाळाची कल्पनाच उरू नये. पण डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यातल्या एका शाळेत दलित बाईने रांधलेलं अन्न वरच्या जातीच्या मुलांनी नाकारलं. त्या बाईला कामावरून काढलं गेलं. देशभर आरडाओरडा झाल्यावर परत घेतलं. शाळकरी मुलांना स्वयंपाकिणीची जात कळली ती कुठून? पाठ्यपुस्तकात तर ती नव्हती.

हे सगळं शाळेतच संपलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण आपल्या शेजारच्या जळगावची डॉ. पायल तडवी आठवा. आदिवासी तडवी समाजातली मुलगी, मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. मे २०१९ मध्ये तिने आत्महत्या केली. जातीवरून छळ झाल्याचा आरोप तिच्या घरच्यांनी केला, तीन वरिष्ठ डॉक्टर मुलींना अटक झाली, प्रकरण न्यायालयात गेलं. न्यायालयाचं काम न्यायालय करील. पण डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलींवर असा आरोप यावा, ही वेळ का आली, याचा विचार आयांनी करायला नको का?

दोन बाहुल्यांचा प्रश्न

हा रोग एकट्या आपल्या देशाचा आहे असं नाही. अमेरिकेत काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा कितीतरी राज्यांत वेगळ्या असत. तिथल्या केनेथ आणि मेमी क्लार्क या काळ्या मानसशास्त्रज्ञ पतिपत्नींनी १९४० च्या सुमारास एक साधा प्रयोग केला. तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढे अगदी सारख्या बाहुल्या ठेवल्या; फरक फक्त रंगाचा. चांगली बाहुली कोणती? वाईट कोणती? पुष्कळ मुलांनी चांगली म्हणून गोरी उचलली आणि वाईट म्हणून काळी. मग शेवटचा प्रश्न होता, यातली तुझ्यासारखी कोणती? तेव्हा काही मुलं रडली, काही उठून पळाली. १९५४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा अशा अभ्यासांचाही आधार घेतला.

त्याच देशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून शाळेतल्या समाजकार्याचा धंदा वाढला. शाळेची एक बाई मुलांच्या घरी जायची. मूल का येत नाही, का मागे पडतं, ते घरच्यांशी बोलून समजून घ्यायची. पुढे या कामाला एक नवी समज आली, आणि आपण घ्यायची ती हीच. पूर्वी विचारत, "या मुलात काय कमी आहे?" आता विचारायचं, "आपल्या शाळेत असं काय घडतं, की या मुलाला इथे थांबावंसं वाटत नाही?" प्रश्न उलटला की उत्तरही वेगळंच सापडतं.

आपल्याकडे समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था मुंबईत १९३६ मध्येच निघाली. आज ती टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळांना समुपदेशक आणि समाजकार्यकर्ते जोडावेत असं लिहिलं आहे. पण खेड्यातल्या, लहान गावातल्या शाळेत अशी बाई कुठून यायची? तिचं काम करायला उरतो आपण, म्हणजे शिक्षिका आणि आया.

बेड्यावरची मुलगी

आमच्याच भागातल्या एका शाळेतली ही गोष्ट. पारध्यांच्या बेड्यावरची एक मुलगी चौथीत होती. सकाळी यायची आणि मधल्या सुट्टीनंतर गायब व्हायची. "या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही," असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. ज्या पारध्यांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याखाली जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं, त्यांच्याविषयी असं ठरवायला आपल्याला वेळ लागत नाही. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण वर्गात पेन हरवलं की पहिलं दप्तर आजही याच मुलांचं तपासतात.

त्या वर्गाच्या बाई एके दिवशी बेड्यावर गेल्या. बाजेवर बसल्या, दिलेला कोरा चहा घेतला आणि इकडचंतिकडचं बोलत राहिल्या. शेवटी मुलीची आई म्हणाली, "बाई, पोरगी म्हनते, खिचडी घ्याले मी गेली का सारे पोट्टे सरकतात. मंग तिले भूकच नाही लागत."

आता कारण कळलं. पोरीला अभ्यास नको नव्हता, सुट्टी नको होती. बाईंनी वर्गाला उपदेश केला नाही की त्या मुलीचं नावही घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पंगत हजेरी क्रमांकाने बसवली, ती दर आठवड्याला बदलत ठेवली, वाढायची पाळी सगळ्यांना लावली, आणि स्वतः ताट घेऊन मुलांत बसायला लागल्या. दोन-तीन घरांतून तक्रार आली. बाईंनी त्यांना शाळेत बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, "इथे सगळी मुलं माझी आहेत, पंगत एकच राहील."

मुलगी थांबायला लागली. सगळं गोड झालं असं नाही. पुढच्या हंगामात आईबाप वीटभट्टीवर गेले, तेव्हा चार महिने तिचं नाव पटावर नुसतंच होतं. पण परत आल्यावर ती आपणहून शाळेत आली. आली, हेच मोठं.

अमरावती जिल्ह्यात मतीन भोसले या फासेपारधी समाजातल्याच शिक्षकाने 'प्रश्नचिन्ह' नावाची आश्रमशाळा काढली. भीक मागत फिरणारी मुलं गोळा करून त्यांना शिकवायला बसवलं. नाव मात्र फार नेमकं ठेवलं. तो प्रश्न त्या मुलांना नाही, तुम्हांआम्हांला विचारलेला आहे.

आपल्या हातात काय आहे?

पुष्कळ आहे. घरापासून सुरुवात करू.

१. कामवालीचा कप वेगळा असेल तर तो आजच इतर कपांत मिसळून टाका. मूल तुमचं बोलणं ऐकत नाही, तुमची मांडणी बघतं.

२. "केस बघ, अगदी पारध्यासारखे," अशी जातीची नावं जोडून बोलायची सवय सोडा. आजी बोलत असतील तर चारचौघांत त्यांना तोडू नका, पण नंतर जवळ बसून नक्की सांगा.

३. "त्याचं आडनाव काय?" याऐवजी मुलाला विचारा, "त्याला काय आवडतं?" वाढदिवसाला कोणाकोणाला बोलावलं, ती यादी एकदा स्वतः वाचा. सगळी एकाच गल्लीतली, एकाच भावकीतली आहेत का?

४. डब्यात दोन पोळ्या जास्त द्या आणि सांगा, वाटून खा, दुसऱ्याचंही खा. "कोणाच्या डब्याला हात लावू नको" हे वाक्य तब्येतीसाठी असेल, तर ते सगळ्यांच्या डब्यांना लावा, निवडक डब्यांना नको.

५. "त्यांना सगळं फुकट" असं मूल म्हणालं, तर ज्यांना शेकडो वर्षं शाळेचं दार बंद होतं त्यांची गोष्ट सांगा. साताऱ्याच्या गोणपाटाची गोष्ट मुलांना चटकन समजते.

आता शाळेचं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. पुष्कळ ठिकाणी बाईची सही घरी नेऊन घेतात. तसं होऊ देऊ नका. सभेला जाऊन बसा आणि चार गोष्टी विचारा. शिष्यवृत्तीची नावं वर्गात न पुकारता कार्यालयात बोलावून सांगता येतील का? सफाईच्या पाळीचा तक्ता भिंतीवर आहे का? पंगत कशी बसते? मधूनच शाळा सोडणाऱ्या मुलांच्या घरी कोण जातं? बेड्यावरची, तांड्यावरची आई सभेला आली असेल तर तिला मागे बसू देऊ नका. शेजारी जागा करून द्या.

तुमच्या मुलाला कोणी जातीवरून बोललं असेल, तर "जाऊ दे, लक्ष देऊ नको" म्हणू नका. त्याने बरंच लक्ष दिलेलं असतं, म्हणून तर ते तुम्हांला सांगतं आहे. शांतपणे सगळं ऐका, तारीख-वार लिहून ठेवा, आधी वर्गशिक्षकांना आणि मग मुख्याध्यापकांना लेखी द्या. दाद लागली नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी आहेत. मूल फार घाबरलं असेल, तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन आहे.

आणि बोलणारं मूल आपलं असेल तर? हे मान्य करणं आईला जड जातं. पण त्याला बदडून काढू नका; मार खाल्लेलं मूल तो राग त्याच पोरावर काढतं. विचारा, "हे तुला कोणी सांगितलं?" उत्तर बहुधा आपल्याच घरातल्या एखाद्या खोलीत सापडतं. मग दोघं मिळून त्या मुलाच्या घरी जा. तिथे पाणी दिलं तर प्या, चहा दिला तर घ्या. शंभर उपदेशांचं काम तो एक पेला करतो.

जाता जाता एक बरी बातमी. २०२३ मध्ये महाराष्ट्रात सरकारी शाळांतल्या सगळ्याच मुलांना मोफत गणवेश द्यायचं ठरलं. त्याआधी मुली आणि ठरावीक गटांतली मुलंच घ्यायची, म्हणून कापड वाटायच्या दिवशी वर्गाचे दोन भाग पडायचे. नियम एवढासा बदलला आणि ती रेघ पुसली गेली. पंगतीची, पाण्याची, आडनावाची रेघ पुसायला मात्र कुठलं सरकारी परिपत्रक पुरणार नाही. ते काम सकाळी सात वाजता डबा भरणाऱ्या हातांचं आहे.